कबुलीचा सीन थंड पडतो तेव्हा: एका प्रेमपटाच्या संकलनाचे प्रकरण

या प्रकरणातला चित्रपट अभ्यासासाठी उभा केलेला आहे. त्यातली माणसे, वेळा आणि आकडे त्याच्यापुरतेच समजावेत. त्यातल्या चुका मात्र प्रेमपटाच्या संकलनात पुन्हा पुन्हा भेटणाऱ्या आहेत, आणि त्या दुरुस्त करण्याच्या वाटाही खऱ्या आहेत.

परिस्थिती

रफ कट, म्हणजे संकलनाची पहिली कच्ची प्रत, १२१ मिनिटांचा. नायिका जुने पियानो दुरुस्त करते. नायक इमारतींची पाहणी करून अहवाल देणारा अभियंता आहे. तिची कार्यशाळा ज्या इमारतीत आहे ती पाडायची की ठेवायची, हे त्याच्या अहवालावर ठरणार आहे आणि त्याने ते तिला सांगितलेले नाही. पहिली भेट ९व्या मिनिटाला होते. ५४व्या मिनिटाला रात्री वीज जाते आणि दोघे चुंबनाच्या अगदी जवळ येऊन थांबतात. ८१व्या मिनिटाला गुपित फुटते, १०७व्या मिनिटाला जिन्यावर तो मन मोकळे करतो.

कागदावर यात खोट काढण्यासारखे काही नाही. जवळीक निम्म्याच्या आसपास, ताटातूट दोन तृतीयांशाला आणि कबुली शेवटच्या पंधरा मिनिटांत, हा प्रेमपटाचा ओळखीचा सांगाडा आहे. तरी पहिल्या खासगी खेळात जिन्याच्या सीनला प्रेक्षक चुळबुळू लागले. नंतरच्या बोलण्यात ‘लांबला’, ‘थंड वाटला’ हे शब्द आले आणि एकाने नेमके सांगितले: “ते एकत्र येणार हे माहीत होतं, पण त्याची वाट बघावीशी वाटली नाही.”

संकलनाला हाताशी धरायला हेच वाक्य पुरते. प्रेमपटाचा शेवट प्रेक्षकाला बहुधा तिकीट काढतानाच माहीत असतो, त्यामुळे पुढे काय होणार हा या प्रकारातला खरा प्रश्न नसतो. प्रश्न असतो तो अजून का होत नाही, हा. वाट पाहणे मरते तेव्हा दोष बहुतेकदा शेवटच्या सीनमध्ये सापडत नाही, कारण तो खूप आधी पेरलेला असतो.

पहिला उपाय फसला

सुरुवातीला सगळ्यांनी जिन्याच्या सीनलाच हात घातला. ४ मिनिटे ४० सेकंदांचा सीन ३ मिनिटे १० सेकंदांवर आणला. नायकाच्या भाषणाखाली प्रेमाची मुख्य धून लावली, क्लोजअप वाढवले. सीन आटोपशीर झाला आणि आणखी थंड पडला. भाषण छाटल्याने त्याची कबुली घाईची वाटू लागली, तर धून शब्दांच्या आधीच निकाल सांगून मोकळी झाली. वाढवलेल्या क्लोजअपमध्ये नवे काहीच नव्हते, कारण हे दोन चेहरे प्रेक्षकाने गेले शंभर मिनिटे तेवढ्याच जवळून पाहिले होते.

तक्ता

मग संकलकाने कबुलीच्या आधीचे दोघांचे सगळे एकत्र सीन वेगळे काढले. ते १३ निघाले. प्रत्येकासमोर सहा गोष्टी मांडल्या: सर्वांत जवळचा शॉट कोणता, दोघे एका चौकटीत आहेत का आणि किती घट्ट, स्पर्श कोणाचा आणि त्यानंतर काय बदलते, कोण कोणाकडे कधी पाहते, मुख्य धून किती वाजते, आणि या क्षणी दोघांना दूर ठेवणारी गोष्ट प्रेक्षकाला ठाऊक आहे का. हे काम एका दिवसाचे आहे आणि ते रफ कट तयार होण्याच्या आधीच, पटकथेवर करणे जास्त स्वस्त पडते.

तक्त्याने दुखणे लगेच दाखवले. १३ पैकी ११ सीनमध्ये चेहरा चौकट भरून टाकणारा क्लोजअप होता. ९ सीनमध्ये दोघे घट्ट टू-शॉटमध्ये, म्हणजे एकाच चौकटीत जवळजवळ होते. वीज जाण्याच्या सीनआधी पाच स्पर्श होऊन गेले होते: खांद्यावर हात, हातातून वस्तू घेताना बोटे लागणे, दारात धडकणे. त्यातल्या एकाही स्पर्शानंतर कोणी गडबडले नव्हते की थबकले नव्हते. मुख्य धून पहिल्याच भेटीत पूर्ण सोळा मात्रा-खंड (बार) वाजली होती. आणि शेवटचा रकाना ७६व्या मिनिटापर्यंत सगळा रिकामा होता.

प्रेमपटात चौकटीतली जवळीक ही शिल्लक आहे. ती पहिल्या वीस मिनिटांत उधळली की पुढे खर्चायला काही उरत नाही. इथे ती अशी उधळली जाण्याचे कारण अगदी साधे होते. चित्रीकरणाच्या दिवशी प्रत्येक सीनचे पूर्ण कव्हरेज घेतले होते: ३२ मिमी लेन्सवर मास्टर (सगळा सीन दाखवणारा रुंद शॉट), ५० वर मिड (साधारण कमरेपासून वरचा), ८५ वर क्लोजअप. ही सवय चांगलीच आहे, कारण संकलकाच्या हाती पर्याय राहतात. पण क्लोजअपमध्ये अभिनय उत्तम दिसतो म्हणून प्रत्येक सीनमध्ये तोच निवडला गेला. सुटा पाहिला तर प्रत्येक निर्णय बरोबर होता, पण तेरा निर्णयांची बेरीज चुकली होती.

पहिली भेट पुन्हा कापली

मूळ सीन असा: ती पियानोच्या पोटात वाकून काम करतेय, तो आत येतो, रिकाम्या वेळात एक पट्टी दाबतो, ती मान वर न करता कोणती तार उतरली आहे ते सांगते. मग दोघांचे क्लोजअप, संवाद आणि हसू.

नव्या कटमध्ये क्लोजअप जवळजवळ सगळे गेले. सीन मास्टरवर सुरू होतो आणि चाळीस सेकंद तिथेच राहतो. दोघांमध्ये उघडा पियानो आहे आणि तिचा चेहरा दिसत नाही. पुढे एकेकाचे मिड शॉट, तेही चौकटीत दुसऱ्याचा खांदा न येणारे. दोघे एका खोलीत आहेत, पण चौकट त्यांना अजून एकत्र मानत नाही. खांद्यावरून घेतलेले शॉट, ज्यांत एकाच्या चेहऱ्यासोबत दुसऱ्याची कड दिसते, ते तक्त्याप्रमाणे ३०व्या मिनिटानंतरच वापरायचे ठरले.

एकच क्लोजअप ठेवला. तो पाठमोरा निघून जातो तेव्हा ती पहिल्यांदा मान वर करून बघते, आणि तो वळतो तोवर ती पुन्हा वाकलेली असते. समोरचा पाहत नसताना पाहणे हा या प्रकारातला फार जुना आणि अजूनही न झिजलेला संकेत आहे. त्याने प्रेक्षकाला एक गोष्ट कळते जी पात्रांना कळलेली नाही, आणि तिथून तो त्यांच्या बाजूने वाट पाहू लागतो. १९९५च्या ‘बिफोर सनराइज’मध्ये रेकॉर्ड ऐकण्याच्या छोट्या खोलीत दोघे एकाच शॉटमध्ये खांद्याला खांदा लावून उभे आहेत. तो शॉट मध्ये कुठे तुटत नाही, आणि सगळा ताण नजरा चुकवण्यावर उभा आहे. म्हणजे घट्ट टू-शॉट आधी वापरलाच तर चालतो, पण मग नजर तरी राखून ठेवावी लागते. आपल्या रफ कटमध्ये दोन्ही एकदमच देऊन टाकले होते.

अशा नजरा चित्रित झाल्या नव्हत्या, तरी बऱ्याच मिळाल्या. संकलकाने प्रत्येक टेकची शेपटी तपासली, म्हणजे संवाद संपल्यापासून ‘कट’ म्हणेपर्यंतचे दोन-चार सेकंद. अभिनेते अजून भूमिकेत असतात पण बोलायचे संपलेले असते, त्यामुळे तिथे नितळ भाव सापडतात. दिग्दर्शकाने ‘कट’ म्हणायला तीन सेकंद उशीर करण्याची सवय लावून घेतली तर संकलनात त्याची परतफेड होते. दुसरी जागा ऐकणाऱ्याच्या चेहऱ्याची. रफ कट बोलणाऱ्यावर कापलेला होता. आता वाक्याचा शेवट ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर पडेल असा आवाज पुढे ओढला. प्रेमपटात बोलणाऱ्यापेक्षा ऐकणारा अधिक सांगतो.

स्पर्श कमी करणे

पाच स्पर्शांपैकी दोन दुसरे टेक निवडून टाळले, एक सीनसकट गेला. चौथ्यात नायकाचा हात तिच्या खांद्यावर होता आणि सगळ्या टेकमध्ये तो तसाच होता, कारण अभिनेत्याने ते तालमीत स्वतःहून सुरू केले होते आणि कोणी अडवले नव्हते. मूळ चित्रण ४के आणि अंतिम प्रत २के, म्हणजे रुंदीत निम्म्या ठिपक्यांची, त्यामुळे शॉट दुपटीपर्यंत मोठा करायला जागा होती. १३० टक्क्यांपर्यंत मोठा केल्यावर हात चौकटीबाहेर गेला. पण या युक्तीची किंमत असते: शॉट मोठा केला की तो जवळचाही होतो आणि ग्रेनही (चित्रातला दाणेदारपणा) जाडसर दिसते. म्हणून ती मूळ मिड शॉटवर वापरली, त्याहून जवळच्यावर नाही. पाचवा स्पर्श, वस्तू घेताना बोटे लागण्याचा, मुद्दाम ठेवला आणि त्यानंतर तिच्या चेहऱ्याचे दोन सेकंद वाढवले. परिणाम दाखवला तरच स्पर्श मोजला जातो.

इथे थोडा इतिहास कामाचा आहे. अमेरिकेत १९३४च्या मध्यापासून चित्रपटांची निर्मिती संहिता काटेकोरपणे राबवली गेली आणि १९६८ मध्ये तिच्या जागी वयोगटानुसार वर्गीकरण आले. मधल्या काळात अतिरेकी, कामुक चुंबने वर्ज्य होती. दिग्दर्शकांनी ओढ हातांवर, दारांवर, पेटवलेल्या सिगारेटवर, अर्धवट वाक्यांवर नेऊन ठेवली. बंधन गेले, पण ही साधने टिकली, कारण बंधन नसतानाही ती वाट पाहायला लावतात.

गुपित पुढे आणले

शेवटच्या रिकाम्या रकान्याचा इलाज सगळ्यांत मोठा ठरला. रफ कटमध्ये नायक अहवालावर सही करतो तो सीन ७६व्या मिनिटाला होता. म्हणजे प्रेक्षकाला गुपित नायिकेच्या पाचच मिनिटे आधी कळत होते. त्याआधीची गोडी नुसती गोडी राहत होती. तोच सीन १९व्या मिनिटाला आणला तेव्हा पुढचा प्रत्येक हसरा क्षण दुहेरी झाला: ती जितकी मोकळी होईल तितकी प्रेक्षकाला धास्ती. धक्का एकदाच बसतो, पण धास्ती तासभर पुरते.

सीन सरकवताना दोन अडचणी आल्या. कपडे जुळत नव्हते आणि दाढी पाच दिवसांची वाढलेली होती. चेहऱ्याचे शॉट सोडून हात, पेन, कागद आणि खिडकीतून दिसणारी पाठ एवढ्यावर सीन ३५ सेकंदांत बांधला. दुसरी अडचण नाजूक होती. आता तो सुरुवातीपासून जाणूनबुजून फसवणारा वाटू लागला, आणि प्रेक्षकाचे मन नायकावरून उडाले की प्रेमपट संपला. त्यासाठी पाठमोऱ्या शॉटवर एक वाक्य डब करून टाकले. तो फोनवर म्हणतो, “अंतिम नको लिहू. मी अजून एकदा बघून येतो.” या वाक्याने तो पुन्हा पुन्हा कार्यशाळेत का जातो याला दोन कारणे मिळाली, आणि त्यातले खरे कोणते हे त्यालाही ठाऊक नाही. पाठमोऱ्या शॉटवर ओठ जुळवावे लागत नाहीत, पण खोलीचा घुमारा जुळवावा लागतो. स्टुडिओतला कोरडा आवाज तसाच लावला असता तर पहिल्याच शब्दाला कळले असते.

वीज जाते ती रात्र

या सीनसाठी एक दिवसाचे पिकअप, म्हणजे राहिलेल्या शॉटचे नंतरचे चित्रीकरण घ्यावे लागले, कारण मूळ चित्रणात अंधारच नव्हता. दोन्ही बाजूंनी निळा प्रकाश भरलेला, दोघे स्वच्छ दिसत होते. अंधाराचा संकेत असा की दिसत नाही म्हणून माणसे बोलायला धजावतात. म्हणून प्रकाशाचा एकच उगम ठेवला: पियानोच्या आत ठेवलेला टॉर्च. पियानोचे झाकण काळे, चकचकीत, त्यावरून मऊ प्रकाश परतत नाही. म्हणून झाकणाच्या आतल्या बाजूला ६० × ९० सेंमीचे पांढरे कार्ड लपवले. चेहऱ्याची एक बाजू उजळली, दुसरी सोडून दिली.

जुन्या आणि नव्या शॉटची सांगड कंटिन्युइटी शीटवर, म्हणजे प्रत्येक शॉटच्या तपशिलांच्या नोंदीवर अवलंबून असते. लेन्स, टी-स्टॉप (लेन्समधून येणाऱ्या प्रकाशाचे माप, आकडा लहान तितका प्रकाश जास्त), कॅमेऱ्याची उंची, फिल्टर, रंगतापमान, पात्राचे केस कानामागे होते की पुढे, बाही किती दुमडली होती, हे सगळे तिथे लिहिलेले असले तर पिकअपचा दिवस वाचतो. इथे फिल्टरची नोंद नव्हती. चाचणीत अर्धा तास गेला तेव्हा दिव्याभोवतीच्या धूसर वलयावरून तो ओळखता आला.

जवळ येण्याचे अंतर हा अभिनयाइतकाच लेन्सचा विषय आहे. बाजूने, म्हणजे दोघांची नाके एकमेकांसमोर दिसतील असे घेतले, तर चेहऱ्यांमधली फट जशीच्या तशी दिसते, कोणतीही लेन्स ती लपवत नाही. खांद्यावरून, दुरून आणि लांब लेन्सने घेतले तर चित्राची पुढची-मागची खोली दबते आणि वीतभर अंतरही बोटभर वाटते. म्हणून आधी खांद्यावरून ८५ आणि शेवटी बाजूने ५०, असा क्रम ठेवला. खरे अंतर शेवटीच उघड झाले. फोकसचे गणितही आधीच करून ठेवावे. सुपर ३५ सेन्सरवर (सिनेमा कॅमेऱ्यांत रूढ असलेला आकार) ८५ मिमी लेन्स, टी २ आणि १.५ मीटर अंतर धरले तर स्पष्ट दिसणारी पुढची-मागची खोली जेमतेम ३ सेंमी असते. अभिनेता श्वासाबरोबर डोलला की डोळा सुटतो. टी ४ वर ती साधारण दुप्पट होते. प्रकाश कमी होता तरी टी २.८ च्या खाली न जाण्याचा निर्णय यासाठीच घेतला.

चुंबनाच्या आधीचा क्षण इंटिमसी को-ऑर्डिनेटरबरोबर (जवळिकीचे सीन अभिनेत्यांच्या संमतीने बसवणारी व्यक्ती) पायऱ्यांमध्ये बांधला: नजर डोळ्यांवर, नजर ओठांवर, परत डोळ्यांवर, ती अर्धे अंतर पुढे, तो थांबतो. कोणाचा हात कुठे असेल, कुठे नसेल हे आधी ठरले आणि सेटवर गरजेपुरतीच माणसे राहिली. मूळ चित्रीकरणाच्या वेळची संमती पिकअपला आपोआप लागू होत नाही, नव्या शॉटसाठी ती पुन्हा विचारावी लागते. पायऱ्या पक्क्या असल्या की अभिनेते मोकळे होतात. हे उलट वाटते, पण सेटवर दर वेळी असेच दिसते.

रफ कटमध्ये या क्षणी वीज परत येत होती आणि दिव्यामुळे दोघे दूर होत होते. बाहेरच्या योगायोगाने अडवलेले चुंबन प्रेक्षकाला फसवल्यासारखे वाटते. आता गुपित ठाऊक असल्याने वेगळे करता आले: वीज येण्याचा आवाज आणि उजेड तीन सेकंद मागे ढकलला. आधी तो स्वतःच मागे सरतो, मग दिवे लागतात. तिला वाटते दिव्यांमुळे, पण कशामुळे ते प्रेक्षक जाणतो. संपूर्ण दुरुस्तीत हे तीन सेकंद मला सर्वांत मोलाचे वाटतात.

जिना

आता कबुलीच्या सीनला हात लावायला अर्थ होता. नायकाचे भाषण १ मिनिट ५० सेकंदांचे होते आणि कॅमेरा जवळजवळ सगळा वेळ त्याच्यावर. त्यात त्याने प्रेम, पश्चात्ताप आणि भविष्य असे तिन्ही विषय घेतले होते. भविष्य पूर्ण गेले. उरलेले ४६ सेकंद, त्यातले ३० तिच्या चेहऱ्यावर. ‘तू माझं आयुष्य बदललंस’ असे कोणीही कोणालाही म्हणू शकेल असे वाक्य काढले. ‘खालून तिसरी पट्टी अजून अडकते, मी रोज ऐकतो’ हे ठेवले, कारण ते या माणसाने या बाईलाच म्हणता येईल.

नजरेची रेषाही बदलली. आधीच्या सीनमध्ये समोरचा अभिनेता कॅमेऱ्यापासून हातभर बाजूला उभा होता, त्यामुळे नजर बाजूला जात होती. जिन्यावरच्या पिकअपमध्ये तो मॅट बॉक्सला (लेन्सपुढची चौकोनी पेटी) गाल लागेल इतका जवळ उभा राहिला. नजर लेन्सच्या काठाशी आली आणि प्रेक्षकाला पहिल्यांदा वाटले की ती आपल्याकडेच बघतेय. अशा वेळी कॅमेऱ्यामागून संवाद सहायकाने वाचू नयेत. सहअभिनेता थकलेला असला तरी त्यानेच उभे राहावे. निर्जीव वाचनाला दिलेली नजर पडद्यावर लगेच कळते.

ध्वनीत दोन बदल झाले. जिन्याबाहेरचा रस्त्याचा आवाज चाळीस सेकंदांत हळूहळू उतरवला. एकदम उतरवला तर प्रेक्षकाचे लक्ष त्या शांततेकडे जाते. मिठीत कपड्यांच्या घासण्याने कॉलरचा माइक निकामी होतो, म्हणून बूमचा (काठीवर वर धरलेल्या माइकचा) आवाज मुख्य धरला आणि श्वासाचे वेगळे ध्वनिमुद्रण कॅमेरा बंद असताना तिथेच घेतले.

धून शब्दांखालून काढली. पहिल्या भेटीत आता तिचे फक्त चार स्वर आहेत, तेही उतरलेल्या पियानोवर. मध्ये ती दोनदा अपुरी येते. पूर्ण धून कबुलीनंतर, दोघे गप्प झाल्यावर सुरू होते, आणि त्याच वेळी घट्ट टू-शॉट येतो. पुढे सांगितलेला रेल्वेतला एक अपवाद सोडला तर दोघे अशा घट्ट टू-शॉटमध्ये संपूर्ण चित्रपटात इथे पहिल्यांदाच. सीनची लांबी ४ मिनिटे १५ सेकंद झाली, म्हणजे फसलेल्या उपायापेक्षा मिनिटाहून जास्त. पुढच्या खेळात ‘लांबला’ कोणी म्हटले नाही.

जे सुटले नाही

अंतिम कट ११३ मिनिटांचा. ताटातुटीच्या सीनमध्ये कॅमेरा चुकून १८० अंशांची रेषा (दोन पात्रांना जोडणारी काल्पनिक रेषा, जिच्या एकाच बाजूला कॅमेरा राहावा लागतो) ओलांडून गेला आहे, त्यामुळे दोघेही पडद्यावर एकाच दिशेला पाहताना दिसतात. भांडणात ते खपते, एकमेकांना चुकवून बोलल्यासारखे वाटते. म्हणून तो तसाच ठेवला, पण ती निवड नव्हे, नशीब आहे. नायिकेच्या मैत्रिणीचे पात्र अजूनही फक्त सल्ला देण्यापुरते आहे, तिला स्वतःचे काही हवे असे पटकथेतच नव्हते.

आणि २६व्या मिनिटाचा रेल्वेतला सीन. तो अरुंद डब्यात, एकाच घट्ट टू-शॉटमध्ये घेतला होता, दुसरे कव्हरेजच नाही. तक्त्याप्रमाणे हा शॉट तिथे यायला नको. पण सीन काढला तर ती शहराबाहेर कशी पोहोचली हे कळत नाही, आणि पिकअपच्या दिवसात डबा पुन्हा मिळाला नाही. शेवटी तो २२ सेकंदांवर आणला आणि दोघेही खिडकीबाहेर पाहत आहेत एवढाच भाग ठेवला.